विहीणबाईंचा शेक

मोहिनीबाईंनी धंद्याचा बोर्ड लावला आणि दुसऱ्याच दिवशी पहिली चौकशी आली, ती म्हशीची.

"वैनी, जनावराचं बी करता का? हिचा मागला पाय आखडलाय," असं म्हणत शेजारचा कुशाबा म्हैस घेऊनच दारात उभा राहिला. बोर्डावर चांगलं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वानंद वेलनेस केंद्र, फक्त महिलांसाठी'. मोहिनीबाईंनी बोट दाखवून ते वाचून दाखवलं. कुशाबानं बोर्डाकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग ही कोण हाय?"

कुशाबा एसटीत कंडक्टर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून भरलेल्या गाडीत मागच्या सीटवर पोचेल असाच राहिला होता. त्यामुळे त्याचा हा प्रश्न सगळ्या चिंचमळ्यानं ऐकला. राजुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही छोटी वस्ती. इथं कुणी मोठ्यानं शिंकलं तरी चार घरांतून "काढा घे" असा सल्ला येतो. मग धंद्याबाबत सल्ले आले नसते तरच नवल. कुणी म्हणालं, पिठाची गिरणी टाका. कुणी म्हणालं, टोमॅटोचे क्रेट भाड्यानं द्या, नारायणगावच्या बाजारात केवढी मागणी. आणि मालिश? "वैनी," कुशाबा कळवळून म्हणाला, "आपल्या बायांना अंग दुखायला येळ तरी कुठंय?"

यजमान भगवंतराव शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांची रीत अशी की कुठल्याही बेताला ते "बघ बाई" एवढंच म्हणत. यात होकार नसे आणि नकारही नसे. पुढे बेत फसला की मात्र "मी तेव्हाच म्हणालो होतो" असं सांगायची सोय त्यात होती.

कुशाबाचं अगदीच चूक होतं असंही नाही. या भागातली जुनी रीत ज्यांना आठवते त्यांना ठाऊक आहे, की इकडे बाईच्या अंगाला दुसऱ्या कुणाच्या हातचं तेल तीनदाच लागायचं. एकदा लग्नाच्या हळदीला. मग बाळंतपणात. आणि तिसऱ्यांदा लागायचं तेव्हा तिला स्वतःला कळत नसायचं. दिवाळीत भल्या पहाटे उठून ती घरातल्या सगळ्या पुरुषांना आणि पोरांना चोळायची, आणि वाटीच्या तळाला राहिलेलं बोटानं निपटून आपल्या टाळूवर थापायची. झाली तिची दिवाळी. हे बदलायचं असं मोहिनीबाईंनी पुण्यातल्या एका वेलनेस शिबिरात ठरवलं. तिथल्या गोड बोलणाऱ्या मॅडम रोज सकाळी सगळ्यांकडून म्हणून घेत, "मी माझ्यासाठी वेळ काढणार." मोहिनीबाई ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणत.

पहिली अडचण आली नाहरकत दाखल्याची. ग्रामपंचायतीतल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या संगणकात धंद्यांची जी नावं होती त्यात 'वेलनेस' काही सापडेना. "बाई, व्यायामशाळा लिहू?" नको. "ब्युटी पार्लर?" मोहिनीबाईंच्या स्वाभिमानाला ते लागलं. आपण काय भुवया कोरायला बसलोय? "मालिश म्हटलं तर लोक भलतंच समजतील," भाऊसाहेब लाजून म्हणाले आणि शेवटी त्यांनी 'दवाखाना व तत्सम' यावर बोट दाबलं. मोहिनीबाईंना ते भारदस्त वाटलं. त्यांनी आनंदानं सही केली. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा सही नेहमी सुबक येते.

दुसरी अडचण टेबलाची. पुण्याहून आणलेल्या मालिशच्या मऊ टेबलाला तोंड ठेवायच्या जागी एक भोक होतं. ते बघायला सारी वस्ती येऊन गेली, पण त्यावर झोपायला कुणी येईना. एक आली ती म्हणाली, लुगडं सोडणार नाही आणि चोळीला हात लावायचा नाही. दुसरी आली, तिनं पाऊण तास खिडक्यांच्या कड्या तपासल्या आणि "सासरे इकडूनच जात्यात" म्हणून निघून गेली. बाकीच्या बांधावरून बघत आणि नजरानजर झाली की गवत कापायला लागत. चैत्रात भगवंतरावांनी त्या टेबलावर शेवया वाळत घातल्या. निदान टेबल वापरात तरी आलं.

अशा वेळी त्यांना बिबिजान आठवल्या.

जुन्नरच्या बिबिजान म्हणजे या भागातल्या बाळंतिणींच्या महाराणीच. चाळीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या लेकीसुनांना रगडलं होतं. मोहिनीबाईंच्या लेकीच्या, श्रेयाच्या वेळी, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी, त्यांनीच शेक दिला होता. त्यांचा हात बायकांच्या ओळखीचा, त्यांच्यापुढं लाज नाही, असा हिशेब. हिशेब बरोबर होता. फक्त बिबिजानना एकच प्रकार येत होता.

"रिलॅक्सेशन करायचंय, बिबिजानबी," मोहिनीबाईंनी समजावलं. "मंद दिवा, हलकं संगीत."

"कितवा दिवस हाय?" बिबिजाननी विचारलं.

"कशाचा?"

"बाळंतिणीचा गं."

"बाळंतीण नाही. साधी बाई."

"साध्या बाईला तेल कशापायी?" बिबिजान खरोखरच गोंधळल्या. मग टेबलाच्या भोकात हात घालून बघितला, "या अल्ला," म्हणाल्या आणि बाज आणि तिच्याखालची शेगडी शोधायला लागल्या.

याच सुमारास विहीणबाई आल्या. बोरी बुद्रुकच्या बयाबाई म्हणजे श्रेयाच्या सासूबाई, वय सत्तावन्न, अंगानं भरलेल्या, बोलायला परखड. श्रेयाच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी गोड बातमी नाही, म्हणून प्रत्येक भेटीत मोहिनीबाईंना चार शब्द ऐकवायच्या. मुलीची आई ती ऐकणारच. या खेपेला त्या कुरडया करायला म्हणून आल्या आणि चीक घोटता घोटता एकदम वाकल्या त्या वाकल्याच. पाठ धरली. मोहिनीबाईंनी धीर करून विचारलं, "थोडं तेल लावून देऊ का?" बयाबाईंनी दारं बंद आहेत ना ते पाहिलं. मग चोरी करावी तशा आवाजात म्हणाल्या, "कुनाला सांगायचं न्हाई. आमच्या ह्यांना तर न्हाईच न्हाई. शपत घ्या."

मोहिनीबाईंनी शपथ घेतली. पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही मुलीची सासू! आनंदाच्या भरात त्यांनी बिबिजानना सांगितलं, "काही कमी पडू देऊ नका."

बिबिजाननी कमी पडू दिलं नाही. पाच दिवस रोज सकाळी तिळाचं तेल, कढत पाण्याची आंघोळ, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा. धूर कुंपण ओलांडून कुशाबाच्या ओसरीत. पोट जुन्या सुती लुगड्यानं आवळून बांधलं, कानांत कापसाचे बोळे, डोक्याला फडकं. "वारं लागू द्यायचं न्हाई." बयाबाई सुरुवातीला "अवो, मला कुठं..." असं म्हणत होत्या, पण दुसऱ्या दिवसापासून गप्प झाल्या. तिसऱ्या दिवशी मोहिनीबाई आत डोकावल्या तर विहीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि चेहऱ्यावर असं काही होतं की बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं. गोड बातमीचा विषय त्यांनी पाच दिवसांत एकदाही काढला नाही.

रविवारी त्या जीपनं निघाल्या. डोक्याला फडकं, कानांत बोळे, अंगावर शाल, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. एका बाजूनं मोहिनीबाई, दुसऱ्या बाजूनं बिबिजान, मधे हळूहळू पाऊल टाकणाऱ्या बयाबाई. कुशाबा कुंपणाशी उभा राहून बघत होता. पाच दिवस त्यानं बाळंतशेपाचा वास घेतला होता. रोज सकाळी बिबिजान येताना पाहिल्या होत्या, आणि बिबिजान जिथं रोज सकाळी जातात तिथं पाळणा असतो हे तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. एवढा पुरावा हाती असताना आयुष्यभर तिकिटांचा मेळ घातलेला माणूस स्वस्थ कसा बसणार?

सोमवारी बेल्ह्याचा बैलबाजार. बयाबाईंचे यजमान हौशीराम तिथं गोऱ्ह्याच्या सौद्यात होते. उपरण्याखाली भावाच्या खुणा करत व्यापाऱ्याच्या बोटांशी बोटं भिडलेली, सौदा जुळायच्या बेतात, तेवढ्यात पलीकडून मागच्या सीटपर्यंत जाणारा आवाज आला, "पावणं, अभिनंदन! पेढं कुठायत?"

हौशीरामांना वाटलं, सुनेचं! श्रेयाकडे गोड बातमी, आणि बायकांनी नेहमीप्रमाणे आपल्यालाच शेवटी कळवायचं ठरवलंय. त्यांनी उपरण्यातून हात काढला, सौदा सोडला आणि पेढे घेऊन सगळ्या बाजाराला वाटत सुटले. व्यापारी, दलाल, टेम्पोवाले, कुणी सुटलं नाही. पेढे संपत आले तेव्हा एकानं विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"आत्ताच कसं कळंल? लई लांब हाय अजून," हौशीराम हसत म्हणाले.

"लांब कुठं, राव?" कुशाबा म्हणाला. "काल तर तुमच्या मंडळी शेक घेऊन घरी गेल्या. म्या सवता जीपपर्यंत जाताना पाहिल्या. जरा फिकट दिसत व्हत्या, पण या वयाला चालायचंच."

बाजार गप्प झाला. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले, असं हौशीराम पुढे सांगत. मग कुणीतरी मागून म्हणालं, "हौशीरामभाऊ, तुमी लईच हौशी."

इकडे मंगळवारी सकाळी मोहिनीबाईंच्या दारात आरोग्य खात्याच्या आशाताई उभ्या राहिल्या. वाटेत त्या प्रत्येक घरी थांबत आल्या होत्या, त्यामुळे मागे निम्मी वस्ती होती. "काकू, इथं बाळंतपण झालंय. नोंद नाही, लस नाही. घरी बाळंतपण करायचं नाही हे तुम्हाला माहीत नाही? आणि वर हे काय, बोर्ड लावून?" मोहिनीबाईंनी कळवळून सांगितलं की इथं फक्त वेलनेस चालतं. आशाताईंनी मोबाइलमध्ये बघितलं. "पंचायतीत तर दवाखाना व तत्सम आहे. म्हणजे विनापरवाना प्रसूतिगृह. वरचे साहेब आले तर कुलूप लावतील. त्या बाईंनी स्वतः माझ्यासमोर सांगितलं पाहिजे, इथं नेमकं काय करून घेतलं ते."

मोहिनीबाईंना पेच पडला. केंद्र वाचवायचं तर विहीणबाईंनी खरं बोलायला हवं, आणि ते बोलायचं नाही अशी शपथ तर आपणच घेतलेली. भगवंतराव आतून म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो."

जीपमध्ये आशाताई, बिबिजान आणि मोहिनीबाई, अशी वरात बोरीला पोचली. दारात श्रेया. लेक हसतेय की रडतेय ते आईला कळेना. "आई, आत जाऊन बघ. सकाळपासून झबली आलीत, टोपडी आलीत. एकीनं कुंची शिवून आणलीय. मला म्हणतात, सासूनं करून दाखवलं, आता तू कधी?"

माजघरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. ओसरीवर हौशीराम भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मोहिनीबाईंकडे न बघता एवढंच म्हटलं, "विहीणबाई, आमच्या घरात काय झालंय ते कुनी आमाला बी सांगा." मोहिनीबाईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

आतल्या खोलीत बयाबाई गोधडीत गुरफटून पडल्या होत्या. "विहीणबाई," मोहिनीबाई हात जोडून म्हणाल्या, "चुकलं माझं. पण तुम्ही बाहेर येऊन एकदा खरं सांगा. नाहीतर माझं केंद्र बंद करतील."

गोधडी हलली. "काय सांगू?"

"हेच, की बाळ-बिळ नाही, नुसतं तेल लावून घेतलं."

बयाबाई ताडकन उठून बसल्या. डोळे रडून सुजलेले. "वेड लागलं का तुमाला? बाळ झालं म्हनू द्या! बाळ झालं तर देवानं दिलं असं म्हनता येतं. अंग चोळून घेतलं, ते कुनी दिलं म्हनू?"

पुण्याच्या मॅडमनी यावर काही शिकवलं नव्हतं.

"पोराची हाय न्हाई ती लाज दोन दिसांत जाईल," बयाबाई हुंदके देत म्हणाल्या. "पन हौसंनं पडून ऱ्हायले, दुसरीच्या हातानं सुख घेतलं, हे म्हनतील जलमभर. आन खरं सांगू? सुख वाटलं हो. तीच लाज वाटती."

मोहिनीबाई माजघरात आल्या. वीस-बावीस चेहरे त्यांच्याकडे वळले. आशाताई मोबाइल सरसावून उभ्या. मोहिनीबाईंनी मनातल्या मनात शपथेची माफी मागितली आणि घसा साफ केला. "बाळ नाही," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंची पाठ धरली होती. औषध म्हणून थोडं तेल..."

"पाठ कुनाची दुखत न्हाई?" कोपऱ्यातून बयाबाईंची थोरली जाऊ म्हणाली. सत्तरीची, काटक, जीभ विळ्यासारखी. "पाठ दुखली म्हनून पाच दीस शेक? आमच्या सासूच्या राज्यात मेलं तरी उठून भाकरी थापायला लागायची."

बायका हसल्या. मोहिनीबाईंनी मग शिबिरातलं सगळं सांगायला घेतलं. बाईनं स्वतःसाठी वेळ काढावा, शरीर हे देवाचं देऊळ, आपण सगळ्यांचं करतो, आपलं कोण करणार. बोलता बोलता आवाजाला धारही चढली. थोरल्या जाऊबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "दुकान तुमचं. बाई तुमच्याच पदरी. तुमी सवता कितींदा चोळून घेतलं?"

मोहिनीबाईंच्या टेबलावर शेवया पडल्या होत्या, पापड पडले होते, भगवंतराव दुपारी पेपर वाचत पडले होते. त्या स्वतः कधीही पडल्या नव्हत्या. वेळ नव्हता असं नाही. आपण आडवं होऊन दुसऱ्या बाईला म्हणायचं, माझं कर, या कल्पनेनंच त्यांच्या कानशिलांपर्यंत लाज चढे. सगळ्या तालुक्याला जे सांगत होत्या ते स्वतःला सांगायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

"इनं?" बिबिजान दारातून म्हणाल्या. त्यांना वाटलं आपण मदतच करतोय. "एकदा बी न्हाई. मी किती म्हनले, बेटी, ये. तर म्हनते, नको बिबिजानबी, बरं दिसत न्हाई."

बायकांत जे हसू उसळलं ते मोहिनीबाई मरेपर्यंत विसरणार नाहीत. त्यांनी खाली बघितलं. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनाच कळलं. मग काय झालं त्यांना कुणास ठाऊक, त्यांनी पदर कमरेला खोचला, चटई ओढली आणि व्याह्यांच्या माजघरात, मुलीच्या सासरी, सगळ्या बोरीच्या देखत पालथ्या पडल्या. "करा, बिबिजानबी."

लग्नात मुलीकडच्या बाजूनं मान खाली घालावी लागते हे त्यांना माहीत होतं. इतकी खाली, हे नव्हतं. श्रेयानं तेलाची वाटी आणली. बिबिजाननी हात चोळून ऊन केले. बायका पुढे सरकून बसल्या, एखादं नवं यंत्र बघायला बसावं तशा. मोहिनीबाईंनी दात आवळले होते. आवाज काढायचा नाही, एवढी तरी अब्रू राखायची. पण बिबिजानचा अंगठा पाठीच्या खाली, पाणी शेंदून, धुणी धुऊन, पोरं कडेवर घेऊन जिथं तीस वर्षांची गाठ बसली होती तिथं टेकला, आणि त्यांच्या तोंडून "आई गं" असं निघालं की ओसरीवर हौशीरामांनी भिंतीवरून तोंड फिरवलं.

या वेळी कुणी हसलं नाही.

"तिथंच," थोरल्या जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नेमकं तिथंच. माझं बी तिथंच हाय."

"तिथं न्हाई गं, जरा खाली," मागून आवाज आला. खोलीच्या दारात बयाबाई उभ्या होत्या, खांद्यावर गोधडी, कानांत अजून बोळे. बोलणं निघून गेलं होतं, आता परत घेता येत नव्हतं. त्यांनी एकदा सगळ्या बायकांकडे पाहिलं, लालबुंद झाल्या आणि पुढं येऊन चटईशी बसल्या. "बिबिजानबी, माझ्या वेळंला कसा तळव्यानं दाब दिला व्हता, तसा द्या. त्यानं जे बरं वाटतं ना, ते सांगता येत न्हाई."

"म्हणजे बाळ नक्की नाही ना?" आशाताईंनी विचारलं.

"न्हाई गं बाई," थोरल्या जाऊबाई त्यांना कोपरानं बाजूला सारत म्हणाल्या. "सरक जरा. दिसत न्हाई."

केंद्राला कुलूप लागलं नाही. भाऊसाहेबांनी 'दवाखाना व तत्सम' बदलून 'इतर' केलं. आता गुरुवारी बोरीहून एक जीप भरून येते. थोरल्या जाऊबाई पुढच्या सीटवर, बयाबाई त्यांच्या शेजारी. घरी खरं सांगून कुणी निघत नाही. लाज इतक्या लवकर जात नसते. "कुठं निघालात?" असं पुरुषांनी विचारलं की त्या ठरलेलं उत्तर देतात, "बाळ बघायला." पुरुष पुढं विचारत नाहीत. बेल्ह्याच्या बाजारात अजून कुणी चौकशी केली तर हौशीराम उपरण्यातला हात न काढता सांगतात, "मजेत हाय. अंगानं भरतंय."

आणि मोहिनीबाई? बुधवारी दुपारी, वस्ती जरा डोळा लावते तेव्हा, त्या दार लावून, कडी घालून, वर खुर्ची टेकवून बिबिजानच्या हाताखाली पडतात. अजूनही कुणाला सांगवत नाही. परवा अशाच पडल्या असताना ओसरीवर कुशाबाची हाक आली, "वैनी हायत का घरात?"

मोहिनीबाईंनी श्वास रोखला. बिबिजानचा हात थांबला. ओसरीवर पेपर खडखडला आणि भगवंतराव, लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, बायकोसाठी चक्क खोटं बोलले.

"नाही रे," ते म्हणाले. "बाळ बघायला गेलीय."